पायथॉनमधून मॅकचे क्लास वापरताय? इनिटच्या या चुका टाळा

इंदुरात रामबागेत माझ्या मावसभावाचा छापखाना आहे. तिथल्या मॅकवर लग्नपत्रिकेचा नमुना दाखवणारं छोटं ॲप पुतणीनं पायथॉनमध्ये लिहायला घेतलं, पायऑब्जसी (पायथॉनमधून मॅकचे क्लास वापरू देणारा पूल) वापरून. तिसऱ्या दिवशी रात्री फोन. "काका, खिडकी उघडते, पण आत नुसतं पांढरं. एररसुद्धा येत नाही हो!"

एरर येत होती. ॲप डबल-क्लिक करून उघडलं की ती दिसत नाही, एवढंच. चित्र काढणाऱ्या ड्रॉरेक्टसारख्या मेथडमध्ये पायथॉनची चूक झाली की बऱ्याचदा ॲपकिट (मॅकच्या खिडक्या-बटणांचं फ्रेमवर्क) ती लॉगमध्ये टाकतं आणि पुढे चालू लागतं. म्हणून काहीही शोधण्याआधी ॲपच्या पोटातल्या कंटेंट्स, मग मॅकओएस फोल्डरमधली फाइल टर्मिनलमधून चालवा. तिनं चालवली आणि ओळ मिळाली: व्ह्यूला 'मजकूर' नावाचा ॲट्रिब्यूटच नाही.

हा ॲट्रिब्यूट तिनं डबल अंडरस्कोरवाल्या इनिटमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये, ठेवला होता, जसा आपण रोजच्या पायथॉनमध्ये ठेवतो. पण पायऑब्जसीमध्ये एनएसव्ह्यूचा (खिडकीतल्या भागांचा मूळ क्लास) सबक्लास केला की तो ऑब्जेक्ट ऑब्जेक्टिव्ह-सीच्या, म्हणजे मॅकच्या या फ्रेमवर्कच्या भाषेच्या, घरात जन्मतो: आधी अलॉक जागा देतं, मग इनिटविथफ्रेम_ तो उभा करतं. या वाटेवर पायथॉनच्या इनिटला कुणी हाक मारत नाही. तो कोड फाइलमध्ये नीट दिसतो, वाचताना बरोबर वाटतो आणि कधीच चालत नाही. म्हणून मांडामांड फ्रेमवर्कच्या इनिशियलायझरमध्येच करायची:

सेल्फ = ओबीजेसी.सुपर(पत्रिकाव्ह्यू, सेल्फ).इनिटविथफ्रेम_(फ्रेम)
जर सेल्फ नन असेल तर नन परत करा
सेल्फ.मजकूर = ""
रिटर्न सेल्फ

या चार ओळींतली प्रत्येक ओळ कुणी ना कुणी विसरतं, आणि प्रत्येकीचं लक्षण वेगळं.

पहिल्या ओळीत 'सेल्फ =' सोडून देऊ नका. वरच्या क्लासचा इनिट तुम्ही दिलेलाच ऑब्जेक्ट परत देईल असं बंधन नाही. तो दुसराही देऊ शकतो किंवा निल (पायथॉनमध्ये नन) देऊ शकतो. एनएसस्ट्रिंग, एनएसॲरे हे तर क्लास क्लस्टर आहेत. वर एक नाव आणि आत लपलेले वेगळेच क्लास. त्यांचे सबक्लास करायच्या फंदात शक्यतो पडूच नका. एनएसॲरेचा केलाच, तर काउंट आणि ऑब्जेक्टॲटइंडेक्स_ स्वतः लिहावे लागतात.

सुपर पायथॉनचा नको, ओबीजेसी मॉड्यूलमधला घ्या. ऑब्जेक्टिव्ह-सीच्या मेथड पायऑब्जसी लागतील तशा आणतं, आणि साधा सुपर त्या क्लासच्या डिक्शनरीत शोधायला जातो. मग 'सुपरमध्ये इनिट नाही' अशा अर्थाची एरर येते. ती वाचून माणूस स्पेलिंग तपासत बसतो.

शेवटची 'रिटर्न सेल्फ' सगळ्यात जास्त विसरली जाते, कारण पायथॉनचा इनिट काहीच परत देत नाही आणि हाताला तीच सवय असते. ती नसेल तर ऑब्जेक्टच्या जागी नन हाती येतं, आणि 'ननटाइप'ची तक्रार पन्नास ओळी खाली, भलत्याच फंक्शनमध्ये उगवते. अशी तक्रार दिसली की तिथं शोधू नका, आधी इनिटची शेवटची ओळ बघा.

नावातले अंडरस्कोर मोजा. ऑब्जेक्टिव्ह-सीतला प्रत्येक कोलन इथं अंडरस्कोर होतो. एनएसविंडोचा मुख्य इनिशियलायझर इनिटविथकंटेंटरेक्ट_स्टाइलमास्क_बॅकिंग_डिफर_ असा आहे: चार अंडरस्कोर, सेल्फ सोडून चार आर्ग्युमेंट. शेवटचा एक गाळला की ती निराळीच मेथड होते. तुमच्या स्वतःच्या मदतनीस फंक्शनच्या नावातल्या अंडरस्कोरचाही पायऑब्जसी असाच अर्थ लावतं. त्यावर पायथॉन_मेथड हा डेकोरेटर लावा.

आता पुतणीनं दुसऱ्या आठवड्यात घातलेला घोळ. पत्रिका दर सेकंदाला ताजी व्हावी म्हणून तिनं टायमर लावला आणि खबरदारी म्हणून तो फ्रेमवर्कचा साधा इनिट (डबल अंडरस्कोरवाला नव्हे) आणि इनिटविथफ्रेम_ दोन्हींत सुरू केला. एकाच्या जागी दोन टायमर धावायला लागले. एनएसव्ह्यूचा साधा इनिट आतून शून्य मापाची फ्रेम देऊन इनिटविथफ्रेम_ लाच बोलावतो, आणि ते बोलावणं तुमच्या सबक्लासच्या मेथडकडे येतं. म्हणून व्ह्यू कोडमधून बनवायचा असेल तर मांडामांड इनिटविथफ्रेम_ मध्ये एकदाच करा. आणि त्याच्या आतून सेल्फ.इनिट() तर कधीच नको, ते दोघं एकमेकांना बोलावतच राहतील.

खिडकी इंटरफेस बिल्डरमध्ये (कोड न लिहिता खिडकी आखायचं साधन) आखली असेल तर तिथला कस्टम व्ह्यू सहसा इनिटविथकोडर_ च्या दारानं येतो. तेव्हा तुमचा इनिटविथफ्रेम_ कितीही नेटका असला तरी चालत नाही. आउटलेट (खिडकीतल्या वस्तू आणि कोड यांतले दुवे) जोडल्यावर करायची कामं अवेकफ्रॉमनिबमध्ये ठेवा.

'हा क्लास आधीच आहे' अशी एरर आली तर घाबरू नका. ऑब्जेक्टिव्ह-सीत एका प्रोसेसमध्ये क्लासची नावं एकाच पंगतीत बसतात, मॉड्यूल वेगळं असलं तरीही. इंटरॲक्टिव्ह सेशनमध्ये तोच क्लास पुन्हा चालवला की हे हमखास होतं. सेशन बंद करून नवं उघडा. आणि क्लासला 'व्ह्यू' किंवा 'कंट्रोलर' असं मोघम नाव न देता पुढे स्वतःची दोन-तीन अक्षरं जोडा. पुतणीनं 'रामबाग' जोडलंय.