मामा-मामी न्यूअर्कला निघताना

मामा, मामी, बॅगा नंतर भरा. आधी कागद-पेन घेऊन तास मांडा.

मुंबई ते अमेरिकेतलं न्यूअर्क हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. मध्ये न थांबणाऱ्या विमानाला सोळा तासांच्या आसपास लागतात. पण समजा तिकिटावर रात्री 1:30चं उड्डाण असलं, तर उतरण्याची वेळ त्याच तारखेची सकाळी 8 छापलेली असेल. साडेसहा तास बघून मामा म्हणतीलच, "इतलं काय दूर शे?" मार्च ते नोव्हेंबर तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, ते मिळवा की सोळा भरतात. हिवाळ्यात साडेदहा मिळवायचे. येताना उलटा प्रकार: कागदावर जवळजवळ पूर्ण दिवस दिसतो, प्रत्यक्षात चौदा-पंधरा तास, कारण वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात आणि विमानाला मागून रेटा देतात.

आता तारीख. रात्री दीडचं विमान 15 तारखेचं असेल तर घर 14लाच सोडायचं. हसू नका, आमच्याच घरात एकाने हा घोळ घातलाय. विमान गेलं तेव्हा तो जळगावात घोरत होता.

त्या सोळा तासांत आपल्याकडचं अंतर धरलेलंच नाही. जळगाव ते मुंबई सव्वाचारशे किलोमीटर, गाडीला सात-आठ तास. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी रखडली की गणित बिघडतं, म्हणून रात्री उशिराच्या विमानासाठीही सकाळचीच गाडी धरा. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, ठाणे किंवा दादरला उतरून टॅक्सी करा. विमानतळावर उड्डाणाच्या चार तास आधी पोचलेलं बरं. तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि घरापर्यंतची मोटार धरली, तर दार ते दार दीड दिवस होतो. बीपीच्या गोळ्या या हिशेबाने हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि घड्याळ बदलल्यावर गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, विमानात बसून वाद नको. मामांचे गुडघे बघता व्हीलचेअर आणि शाकाहारी जेवण दोन दिवस आधीच कळवून टाका. दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला.

खाण्याचं मामींसाठी. बिबडे (आपले ज्वारीचे पापड) न्या, हलके आणि टिकाऊ. काळा मसाला दळलेला, घट्ट बांधून, मोठ्या बॅगेत. खोबऱ्याच्या वाट्या मात्र नकोत, तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या मालात धरतात. लोणचं हातातल्या बॅगेत ठेवलंत तर तपासणीत काढून घेतील. तिथे पातळ पदार्थाची 100 मिलिपेक्षा मोठी बाटली चालत नाही. पॉवर बँक नेमकी उलट, ती हातातच हवी. भरताची वांगी राहू द्या, ताजी फळं-भाज्या अमेरिकेच्या कस्टमला चालत नाहीत. जे नेताय ते विचारलं की सांगायचं, लपवायचं नाही. बॅगा केळी मोजायच्या काट्यावर मोजून घ्या, मामींच्या "एवढंसंच तर आहे"वर नको.

आणि रावेरच्या केळ्यांची फणी नेणारच असाल, तर कल्याण येईपर्यंत संपवा.