कागद आणि कापडाची दिशा ओळखून करा घराची सजावट

घरी केलेली सजावट वाकडी दिसली की आपण हाताला दोष देतो. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. कागदाला आणि कापडाला स्वतःची दिशा असते आणि कापताना तिकडे कुणी बघतच नाही. ती पाहायला दोन मिनिटं लागतात, पण तेवढ्याने घड्या धारदार पडतात आणि पताका ताठ लोंबतात. म्हणून आधी दिशा कशी ओळखायची ते शिकू, मग तीन वस्तू करू.

कागद बनताना त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेने बसतात. ती दिशा कळण्यासाठी कागद न मोडता, हलकेच वाकवून पाहा, एकदा लांबीकडून आणि एकदा रुंदीकडून. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या वाकाला तंतू समांतर असतात. खात्री हवी असेल तर टाकाऊ तुकडा फाडून बघा. तंतूंच्या दिशेने तो बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा फाडला तर भरकटतो. घडी तंतूंना समांतर घातली की ती स्वच्छ पडते. छपाईचा ७०-८० ग्रॅमचा (हे एका चौरस मीटर कागदाचं वजन) कागद कसाही दुमडला तरी चालतो, पण २०० ग्रॅमच्या पुढचं कार्डपेपर तंतूंच्या आडवं दुमडलं तर घडीवर तडकतं. तसं दुमडणं टाळता येत नसेल, तर शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने आधी रेघ दाबून घ्या आणि मग घडी घाला.

कापडात उभा धागा काठाला, म्हणजे विणतानाच तयार झालेल्या पक्क्या कडेला, समांतर असतो आणि आडवा धागा त्याला काटकोनात. दोन्हींच्या मधल्या ४५ अंशांच्या दिशेला शिंपी क्रॉस म्हणतात. कापड दोन हातांत धरून तिन्ही दिशांना ओढून बघा. विणलेलं सुती कापड उभ्या धाग्यावर जवळजवळ ताणलंच जात नाही, आडव्यावर थोडं आणि क्रॉसवर सगळ्यात जास्त ताणलं जातं. क्रॉसवर कापलेल्या कडेचे धागे मात्र कमी सुटतात. हे दोन्ही गुण पुढे उपयोगी पडतील.

हत्यारांबद्दल एकच आग्रह धरते: कापडाची कात्री कागदाला लावू नका. कागदात खडू किंवा मातीसारखी खनिज पूड घातलेली असते आणि ती पात्याची धार खाते. कात्र्या दोन ठेवा आणि कापडाच्या कात्रीला रंगीत दोरा बांधा, म्हणजे घरातल्या कुणाचीही गफलत होणार नाही.

भिंतीवरचं कागदी चक्र

ए-४ कागद २१ × २९.७ सेंटीमीटरचा असतो. त्याची पंख्यासारखी घडी घालून मधोमध बांधला, तर १०.५ सेंटीमीटर त्रिज्येचं चक्र मिळायला हवं. अशा चक्राचा परीघ सुमारे ६६ सेंटीमीटर होतो आणि एका कागदाच्या दोन्ही लांब कडा मिळून ५९.४ सेंटीमीटरच भरतात. म्हणून एका कागदात चक्र पूर्ण होत नाही, कितीही ओढलं तरी फट राहते. दोन कागद घ्या. चुण्या उठावदार राहायला लागणारी जादा लांबीही त्यातच मिळते.

कागदाची लांबी निम्मी होईल असा तो दुमडा, असं तीनदा करा आणि उलगडा. आठ भागांच्या खुणा दिसतील. चौथ्यांदा तसाच दुमडू नका, जाडीमुळे घड्या सरकतात. त्याऐवजी या सगळ्या खुणा टोक वर येईल अशा एकाच दिशेला वळवून घ्या. मग एक खूण शेजारच्या खुणेवर ठेवून मधला भाग दाबा. नवी घडी आपोआप उलट बाजूला पडते. टोकाच्या भागांत कागदाची कड जवळच्या खुणेवर आणा. सोळा सारख्या चुण्या मिळतील, प्रत्येक साधारण १.९ सेंटीमीटरची. प्रत्येक घडीवर नखाने किंवा चमच्याच्या पाठीने दाब द्या. चक्राचं सगळं देखणेपण या दाबावर आहे, इथे घाई करू नका.

आता मिटलेल्या पंख्याचा मध्य शोधा, दोन्ही कडांना अगदी लहान खाच द्या आणि तिथे दोरा बांधा. कागद चुरगळेल इतका आवळू नका. टोकं तिरकी किंवा गोल कापायची असतील तर ती आत्ताच कापा, उघडल्यावर पाकळ्यांची कड दिसेल. पंखा मधोमध वाकवून एका बाजूचे दोन अर्धे एकमेकांना चिकटवले की अर्धवर्तुळ होतं. दुसऱ्या कागदाचं तसंच करून दोन्ही अर्धवर्तुळं जोडा आणि सांध्यावर कपड्यांचे चिमटे लावून ठेवा. मध्यावर रंगीत कागदाची टिकली चिकटवा.

इथे गमस्टिकच वापरा. पांढऱ्या गममध्ये पाणी असतं, त्याने तंतू फुगतात आणि कागद लाटांसारखा वाकतो. एकटं चक्र भिंतीवर पोरकं वाटतं. तीन वेगवेगळ्या आकारांची, एकमेकांना थोडी झाकणारी चक्रं लावली की भिंत भरल्यासारखी वाटते. वर्तमानपत्राचा कागद मोहक दिसतो खरा, पण त्यात लिग्निन हा लाकडातला घटक शिल्लक असतो, त्यामुळे उजेडात तो लवकर पिवळा पडतो. चार दिवसांच्या समारंभाला तो छान. कायमच्या भिंतीसाठी चांगला चित्रकलेचा कागद घ्या.

जुन्या शर्टांच्या पताका

ही माझी सर्वांत आवडती वस्तू. घरातल्या माणसांनी वापरून मऊ झालेलं कापड तिच्यात पुन्हा डोळ्यांसमोर राहतं. वापरलेलं सुती कापड धुऊन आधीच आटलेलं असतं. नवं घेणार असाल तर धुऊन, इस्त्री करून मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात पताका आखडतात.

पुठ्ठ्याचा त्रिकोणी साचा करा: वरची बाजू १८ सेंटीमीटर, उंची २२. साच्याच्या मध्यावर वरपासून टोकापर्यंत रेघ मारा आणि ती रेघ कापडाच्या उभ्या धाग्यावर ठेवा. पताका सरळ लोंबते ती या रेघेमुळे. कापड वाचवायला साचा एकदा सुलटा, एकदा उलटा ठेवत जा, रेघ धाग्यावरच राहते. ज्या छापाला वर-खाली आहे, त्यावर मात्र ही युक्ती करू नका.

एका पताकेला दोन तुकडे. सुलट बाजू आत ठेवून टाचण्या लावा आणि दोन तिरक्या बाजूंवर कडेपासून ७ मिलिमीटर आत शिवा. मशीन नसेल तर हाताने उलटी टीप घाला, ती धावदोऱ्यापेक्षा पक्की बसते. वरची बाजू उघडी ठेवा. टोकाजवळचं जादा कापड शिवणीला धक्का न लावता छाटा, पताका उलटवा आणि विणायच्या सुईने टोक बाहेर काढा. तिरक्या कडा लगेच ताणल्या जातात, म्हणून इस्त्री सरकवू नका, उचलून दाबत जा. शिवायचाच कंटाळा असेल तर एकेरी कापड नागमोडी कात्रीने कापा, धागे बऱ्यापैकी थांबतात.

नऊ पताका, मध्ये ५ सेंटीमीटर अंतर आणि दोन्ही टोकांना ३० सेंटीमीटर बांधायला, म्हणजे सुमारे २६५ सेंटीमीटर पट्टी लागेल. ही पट्टी क्रॉसची घेऊ नका. क्रॉस पट्टी वळणावर सुंदर बसते, पण वजन पडलं की ताणली जाते आणि माळ दिवसेंदिवस खाली येते. उभ्या धाग्यावर कापलेली ५ सेंटीमीटर रुंद पट्टी लांबीत दुमडा, उघड्या कडा आत वळवा, पताका त्यात खोचा, टाचण्या लावा आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत शिवून टाका.

रिंगमधलं चित्र

कशिद्याची १८ सेंटीमीटरची लाकडी रिंग हीच चौकट. कापडाचा २८ सेंटीमीटरचा गोल कापून रिंगमध्ये बसवा. ताण देताना आधी वर-खाली, मग डावी-उजवीकडे ओढा. तिरकं ओढलं तर चौकड्या आणि पट्टे वाकतात. त्यावर बटणं, लेसचे तुकडे, उरलेल्या कापडाची पानं-फुलं शिवा. मागे कडेने मोठा धावदोरा घालून ओढून गाठ मारा आणि पुठ्ठ्याचा गोल चिकटवून पाठ झाका.

लावताना आणि ठेवताना

कागदी वस्तू मेणबत्ती किंवा पणतीजवळ टांगू नका. कागदाच्या आत दिवा हवाच असेल तर तो एलईडीचाच असावा आणि तोही कागदाला टेकू देऊ नका. थेट ऊन येणारी भिंत टाळा, रंगीत कागद आणि कापड दोन्ही विटतात. दुहेरी चिकटपट्टी काढताना भिंतीचा रंग निघू शकतो, म्हणून ती आधी कोपऱ्यात लावून पाहा. धूळ बसली तर चक्रं कोरड्या मऊ ब्रशने झटका. पताका थंड पाण्यात हाताने धुऊन सपाट वाळवा. ठेवून द्यायची वेळ आली की माळ पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, म्हणजे पुढच्या वेळी इस्त्री करावी लागणार नाही.