वस्ती ते ओपीडी: लैंगिक आरोग्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून टीआय प्रकल्पात (एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्या गटांसाठीच्या प्रतिबंध प्रकल्पात) किंवा आयसीटीसीत (समुपदेशन आणि एचआयव्ही तपासणी केंद्रात) समुपदेशक म्हणून रुजू झालात, की प्रशिक्षणाची जाडजूड फाइल हातात पडते. आजार, औषधं, फॉर्म असं सगळं तिच्यात असतं. ती नीट वाचा. पण फाइलबाहेरचं बरंच काही मला या कामाने शिकवलं, ते इथे लिहिते आहे. एचआयव्हीची तपासणी, गुप्तरोगांची औषधं, एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार, हे सगळं सरकारी रुग्णालयात मोफत आहे. तरीही देहविक्रीच्या वस्तीतल्या बायका, तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष तिथवर येत नाहीत. अडतं ते मधल्या वाटेवर, आणि आपली नेमणूक खरं तर त्या वाटेवरच झालेली असते.

आधी वेळेचं बघा. वस्तीत धंदा मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतो. बाई पहाटे झोपते, उठेपर्यंत दुपार होत आलेली असते, आणि रुग्णालयातली केसपेपरची खिडकी तोवर बंद व्हायच्या बेतात असते. अशा बाईला ‘बेफिकीर’ म्हणणारी माणसं तुम्हाला भेटतील. त्यांना हे वेळापत्रक समजावून सांगा, न कंटाळता. आम्ही दुपारचं शिबिर ठरलेल्या वारी, ठरलेल्या खोलीत, थेट वस्तीतच भरवायला लागलो तेव्हा बायका आपणहून यायला लागल्या. वार मात्र कधी चुकवायचा नाही. शिबिराआधी घरवालीला, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईला भेटा, तिच्याशी दोन शब्द बोला. नवीन आलेल्या किंवा कर्ज डोक्यावर असलेल्या मुलीला तिच्या परवानगीशिवाय उंबरा ओलांडता येत नाही.

समुपदेशनाला बसलात की आधी ऐका. ‘अंगावरून पांढरं जातंय’, ‘लघवीला जळजळतंय’, ‘ओटीपोटात कळ येते’ या तीन वाक्यांमागे बरंच काही असतं. औषधांच्या किटचे, म्हणजे लक्षणानुसार बांधलेल्या पाकिटांचे, रंग लवकर पाठ होतात: पुरुषाच्या लघवीच्या जागेतून पू येत असेल तर राखाडी, पांढरं जाण्यावर हिरवं, ओटीपोटाच्या दुखण्यावर पिवळं. अवघड आहे ते न दुखणाऱ्या आजाराचं. सिफिलिसचा पहिला चट्टा दुखत नाही आणि औषध न घेताही भरून येतो, त्यामुळे बाईला वाटतं बरं झालं. गनोरिया आणि क्लॅमिडियाची बायकांमध्ये पुष्कळदा काहीच लक्षणं नसतात. म्हणून दर तीन महिन्यांची तपासणी आणि सहा महिन्यांनी रक्त, हे ‘काही होत नाहीये ना, मग कशाला?’ असं विचारणाऱ्या बाईलाच आवर्जून पटवून द्यावं लागतं.

कंडोमबद्दल एक गोष्ट. गिऱ्हाइकाबरोबर कंडोम वापरणारी बाई तिच्या ‘माणसा’बरोबर, म्हणजे ज्याला ती नवरा मानते त्याच्याबरोबर, बहुतेक वेळा वापरत नाही. त्याला कंडोम दिला तर तोही गिऱ्हाईकच ठरतो, असं तिला वाटतं. इथे भाषण देऊ नका. तो माणूस तपासणीला येईल का, एवढंच विचारा. तो आला नाही तर तिच्या औषधाचा उपयोग टिकत नाही, हे तिलाही कळतं.

तृतीयपंथी व्यक्तींची अडचण खिडकीपासूनच सुरू होते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ओळख मान्य केली, २०१९ मध्ये कायदा झाला, पण केसपेपरच्या रांगा अजून बायकांच्या आणि पुरुषांच्याच. त्यात आधारवरचं जुनं नाव भर गर्दीत पुकारलं गेलं, की ती व्यक्ती परत येत नाही. त्यामुळे खिडकीवरच्या माणसाशी आधी जाऊन बोला आणि नंबराने हाक मारायची पद्धत लावून घ्या. पहिल्या भेटीला स्वतः सोबत जा. आणि चेल्यांना भेटण्याआधी गुरूंना भेटा, नाहीतर डेऱ्याचं, म्हणजे ते सगळे एकत्र राहतात त्या घराचं, दार उघडणार नाही.

या सगळ्यात तुमचा खरा आधार म्हणजे पिअर एज्युकेटर, म्हणजे वस्तीतलीच, प्रकल्पाचं काम करणारी बाई. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने आणि पुढे ‘वॅम्प’ या सेक्स वर्कर महिलांच्या संघटनेने हे दाखवून दिलं, की वस्तीतल्या बाईनेच वस्तीतल्या बाईला कंडोम दिला, दवाखान्यात नेलं, तर काम होतं. कागदावर पिअर तुमच्या हाताखाली असेल. प्रत्यक्षात कुठल्या गल्लीत कधी जायचं, कोण आजारी आहे आणि लपवतंय, कोणावर पोलिसांचा दबाव आहे, हे तिला माहीत असतं. मानधन तिचं सगळ्यांत कमी आणि धोका सगळ्यांत जास्त. हे मला आजही मान्य होत नाही. बैठकीत तिचं म्हणणं आधी ऐकून घेतलं जाईल, एवढं तरी तुम्ही बघा.

कायदे तोंडपाठ हवेत. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू १० सप्टेंबर २०१८ पासून. समजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी नाही आणि निकाल तपासणी झालेल्या बाईच्या परवानगीशिवाय कोणाला सांगायचा नाही, घरवालीलाही नाही. १९ मे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, नाको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) किंवा राज्य एड्स नियंत्रण सोसायटीच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर सेक्स वर्कर महिलेला पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार मिळू शकतं. हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. रस्त्यात ओळखीची बाई दिसली तर आपणहून हाक मारू नका. तिने ओळख दिली तरच बोला.

पीईपीची, म्हणजे संपर्कानंतर एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या औषधाची, सोय कुठे आहे, हे रुजू होताच स्वतः जाऊन पाहून या. कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हायला लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि पुढे २८ दिवस घ्यावं लागतं. रात्री अपघात विभागात ते कोणाकडे मागायचं, त्या माणसाचा नंबर तुमच्या आणि प्रत्येक पिअरच्या फोनमध्ये असू द्या. १०९७ ही मोफत हेल्पलाइनही सगळ्यांना सांगून ठेवा.

नोकरी बहुतेक ठिकाणी कंत्राटी असते, हे घरी आधीच सांगून या. समुपदेशक बदलला की बायका पुन्हा गप्प होतात, कारण नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायची कोणाची तयारी नसते. म्हणून मुलाखतीतच विचारा, जुना समुपदेशक तुम्हाला वस्तीत घेऊन फिरणार आहे का. आणि तुम्ही सोडाल तेव्हा नव्या माणसाला निदान दोन आठवडे सोबत घेऊन फिरा, घरवालीपासून एआरटी सेंटरच्या फार्मासिस्टपर्यंत सगळ्यांची ओळख करून द्या.