कनेक्टिव्हिटी आणि वर्तनाचे स्कोअर: सगळे प्लॉट एकसारखे ठेवा

मेंदूच्या भागांमधली कनेक्टिव्हिटी (त्यांचे सिग्नल किती सोबत बदलतात) आणि वर्तनाचे स्कोअर यांचा संबंध दाखवताना पेपरमधे आर (कोरिलेशनचा आकडा) एक सांगतो आणि स्कॅटर प्लॉट वेगळंच दाखवतो, कारण मॉडेलमधे वय आणि डोक्याची हालचाल कोव्हेरिएट (ज्यांचा परिणाम वेगळा काढायचा असे घटक) असते पण प्लॉटमधे कच्चे आकडे टाकलेले असतात.

१. कनेक्टिव्हिटी फिशर झेडमधेच ठेवा (हे आरचं रूपांतर, त्याला १ ची मर्यादा नसते; आर ०.८ म्हणजे झेड साधारण १.१, त्यामुळे अक्ष १ च्या वर गेला तर घाबरू नका).
२. कनेक्टिव्हिटी आणि स्कोअर दोन्हींमधून तेच कोव्हेरिएट रिग्रेस करून रेसिड्युअल (त्यांचा परिणाम काढून उरलेला भाग) प्लॉट करा, एकाच बाजूचे काढले तर मॉडेलच्या पार्शल कोरिलेशनशी (कोव्हेरिएटचा परिणाम काढून उरलेला संबंध) प्लॉट जुळत नाही.
३. एकच फंक्शन लिहा, मॅटप्लॉटलिबमधे (पायथनची प्लॉट काढायची लायब्ररी) शेअरएक्स आणि शेअरवाय ट्रू करा, नाहीतर प्रत्येक पॅनेल आपापला स्केल घेतो आणि बारीकसा इफेक्टही डोंगराएवढा दिसतो.

फक्त सिग्निफिकंट निघालेल्या क्लस्टरमधूनच (मेंदूतल्या शेजारच्या बिंदूंचा गट) व्हॅल्यू काढल्या असतील तर त्या प्लॉटवरचा आर फुगलेला असतो, तो नवा पुरावा म्हणून देऊ नका.