टोकन ओपन आहे म्हणून डोळे झाकून भरवसा नको
सिक्युरिटी टोकन (गुप्त डिजिटल किल्ल्या सांभाळणारं छोटं उपकरण) घेताना फर्मवेअरचा (म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) सोर्स कोड नि सर्किटचं डिझाइन खुलं आहे का ते आधी बघा, पण ते खुलं असलं तरी आतल्या सिक्युअर चिपचं (की जपणाऱ्या चिपचं) डिझाइन बऱ्याचदा बंद, म्हणजे गुप्तच असतं हे लक्षात ठेवा. 2017 मध्ये रोका नावाची त्रुटी सापडली तेव्हा इन्फिनिऑनच्या चिपमधली आरएसए की (एन्क्रिप्शन नि डिजिटल सहीसाठीची किल्ली) बनवणारी लायब्ररीच कच्ची निघाली, तीही सर्टिफिकेट असलेली! चिपवर बनवलेल्या की बदलाव्या लागल्या, बाहेर कॉम्प्युटरवर जीपीजी या एन्क्रिप्शन प्रोग्रामने बनवून टोकनवर टाकलेल्या मात्र वाचल्या. म्हणून मी तरी की ऑफलाइन कॉम्प्युटरवर बनवतो, बॅकअप घेतो आणि मगच टोकनवर हलवतो (बॅकअप आधीच घ्या हं, टोकनवरून की परत बाहेर काढता येत नाही).

सॉफ्टवेअरचंही तसंच, डाउनलोड केल्यावर त्याची डिजिटल सही तपासा आणि सही करणाऱ्या कीचा फिंगरप्रिंट (की ओळखायचा छोटा कोड) दुसऱ्या ठिकाणाहून पडताळा, सॉफ्टवेअर आणि फिंगरप्रिंट दोन्ही एकाच साइटवरून घेतलं तर तपासून उपयोग काय, साइट हॅक झाली की दोन्ही बदललेले असणार.

आणि हो, ओपनपीजीपी (जीपीजी ज्यावर चालतं ते स्टँडर्ड) टोकनचा पिन सहसा 123456 आणि अ‍ॅडमिन पिन 12345678 असा येतो, पहिल्याच दिवशी दोन्ही बदला.