बरणीत नर किती, माद्या किती?

कीटकांतली औषधी द्रव्यं शोधायला निघालात, म्हणजे जीसी-एमएससारखी द्रव्यं ओळखायची तंत्रं तुम्हाला येतच असणार. माझं एक अख्खं वर्ष कशात वाया गेलं, तेवढंच सांगते.

विषय होता कँथारिडिन. ब्लिस्टर बीटल, म्हणजे कातडीवर फोड आणणाऱ्या भुंगेऱ्याच्या अंगातलं हे द्रव्य 1810 साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रोबिके यांनी वेगळं काढलं. 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मोलस्कम या त्वचारोगासाठी त्याचं 0.7 टक्के द्रावण मंजूर केलं. आपल्याकडे तुरीच्या फुलांवर काळे-केशरी पट्ट्यांचे भुंगेरे बसतात ना, त्यांच्यातही हेच असतं. मी बरणीभर पकडले, एकत्र वाळवले, एकत्र दळले. पहिली बॅच झकास. दुसरीत कँथारिडिन निम्मंच. तिसरीचं काही वेगळंच. सॉल्व्हेंट बदललं, कॉलम बदलला, रात्री रडूनही झालं.

चूक बरणीतच होती. प्रौढ झाल्यावर हे द्रव्य मुख्यतः नर बनवतो आणि मिलनाच्या वेळी मादीला देतो. ती ते अंड्यांना देते, शत्रूंनी खाऊ नयेत म्हणून. म्हणजे मादीत किती सापडणार, हे तिचं मिलन झालंय का, अंडी घालून झालीत का, यावर ठरतं. आणि मी सगळ्यांची एकच पूड केलेली! त्यात भुंगेरा चिमटीत धरला की पायांच्या सांध्यांतून पिवळट रक्त सोडतो, त्यातही कँथारिडिनच. बोटांवर फोड आले ते मी मिरवत होते. खरं तर माझा नमुनाच बोटांवर गेला होता.

तेव्हा हातमोजे घाला, भुंगेरा न दाबता थेट कुपीत घ्या, लगेच गोठवा. एक कुपी, एक कीटक. नर की मादी, तारीख, पीक, गाव तिथल्या तिथे लिहा. चार-पाच टाचणीला लावून कीटकशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्या, दळण्याआधी. दळल्यावर कुणी ब्रह्मदेवही ओळखणार नाही.

वाळवलेले भुंगेरे बाजारातून विकत आणायचा शॉर्टकट मला पटत नाही. कुठले, कधीचे, काय माहीत? आणि गाईडच्या नावाला भुलू नका. माझे कायम दौऱ्यावर. "यात नर किती?" हे चहा पिताना विचारलं ते शेजारच्या लॅबमधल्या सीनियर ताईने.

बॅच जुळत नाहीत म्हणून स्वतःला मठ्ठ समजू नका. पुढच्या हंगामात नर-माद्या वेगळ्या केल्या आणि तो फरकच माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण झाला. जुनी बरणी अजून फ्रीजरमध्ये आहे, लेबलावर फक्त "भुंगेरे".