पडवीतला एलईडी लुकलुकतो आणि दोन-तीन महिन्यांत जातो: माझा अनुभव

घर वेंगुर्ल्यात, समुद्र हाकेवर. पडवीतला ९ वॅटचा एलईडी आधी लुकलुकायचा, मग कायमचा जायचा. महागडा बल्ब आणला, स्विच बदलला, फरक शून्य. वर्षात पाच बल्ब गेले, आणि दर वेळी आईचं "जुना पिवळा बल्बच बरा होता" ऐकलं.

शेवटी होल्डर उघडला. पितळेच्या पिनांवर हिरवट थर, एक पिन दाबली की वर येईना. खारी हवा, दुसरं काय! शिवाय बल्ब बंद काचेच्या हंडीत, म्हणजे एलईडीची उष्णता बाहेर पडायला वाटच नाही.

मग असं केलं: मेन स्विच बंद, टेस्टरने खात्री. होल्डर आणि हंडी दोन्ही काढली. वायरीची काळी पडलेली टोकं इंचभर कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत सोलली. आयपी ६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारा सीलबंद एलईडी दिवा घेतला, वायर खालून आत घेतली म्हणजे पागोळ्यांचं पाणी तिच्यावरून आत ओघळत नाही. स्क्रू घट्ट केले, भोकाभोवती सिलिकॉन भरलं. उजेडाचा रंग ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर. पांढऱ्या उजेडावर पावसाळ्यात किडे फार येतात.

दोन पावसाळे झाले, तोच दिवा चालू आहे. स्वयंपाकघरात साधाच बल्ब ठेवलाय, होल्डर मात्र नवा.